बोर्डावर नसलेला दोन

“आईनं तुला कारखान्यात बोलावलंय,” धैर्यशील दारातूनच म्हणाला. मोटारसायकल त्यानं बंदसुद्धा केली नव्हती. “आत्ताच्या आत्ता. आणि परात घेऊन यायला सांगितलंय.”

“परात?”

“परात. आणि कडधान्यं. अख्खा मसूर, हरभरे, वाटाणे आणि शेंगदाणे. चवळी राहू दे म्हणाली.”

परातीत कणीक मळत होते मी. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. सासूबाईंच्या कारखान्याचं फाटकसुद्धा मी अजून पाहिलं नव्हतं. पण ‘चवळी राहू दे’ ऐकलं आणि माझे कणकेतले हात थांबले. चवळी म्हणजे क्लोरीन. क्लोरीन नको, म्हणजे भानगड सल्फ्युरिकचीच होती. म्हणजे सासूबाईंनी परीक्षेच्या पेपरात तेच लिहिलं होतं, जे लिहू नका म्हणून मी त्यांना बजावलं होतं.

कणकेचा गोळा ताटलीत काढला, परात घासली, चार पुड्या बांधल्या आणि मागच्या सीटवर बसले. परात मांडीवर उभी धरली होती. नाक्यावरचे लोक वळून वळून बघत होते.

“झालंय काय?” मी विचारलं.

“मला काय माहीत! वॉचमन दुकानात आला, निरोप सांगितला आणि पळाला. आई साहेबांच्या केबिनमध्ये बसून आहे म्हणे. उठायला तयार नाही.”

धैर्यशील म्हणजे माझा नवरा. नाक्यावर त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि आत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं नाव सुगंधा चौगुले. वय तेव्हा सत्तेचाळीस. कोल्हापूरजवळच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात त्या चौदा वर्षं ठेक्यावर होत्या. लोखंडी सळ्यांवरचा गंज काढायला तिथं त्या सल्फ्युरिक आम्लात बुडवत आणि मग पाण्यानं धूत. ते धुवणाचं पाणी एका मोठ्या टाकीत जमायचं. ओढ्याला सोडण्याआधी त्यातलं आम्ल मारावं लागे. ‘आम्ल मारणं’ हा त्यांचाच शब्द. टाकीत कॉस्टिक सोडा घालायचा, ढवळायचं, कागदाची पट्टी बुडवायची. पट्टी लाल झाली तर आम्ल शिल्लक. हिरवी झाली की पाणी सोडायला मोकळं. हे काम चौदा वर्षं आत्याच करत होत्या, पण कागदोपत्री त्या होत्या मदतनीस.

तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी त्या कामावरून आल्या, पाय धुतले आणि उंबऱ्यावरच बसल्या.

“शर्मे,” त्या म्हणाल्या, “तू केमिष्ट्री शिकलीयास न्हवं?”

माझं नाव शर्मिष्ठा. सांगलीत बी.एस्सी. केलेलं, पहिल्या वर्गात. निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात लग्न ठरलं. एम.एस्सी.चा फॉर्म आणला होता, तो कोराच राहिला. प्रमाणपत्र ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली. या घरात माझ्या शिक्षणाबद्दल कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

“हो, आत्या.”

“मग मला शिकिव.” त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. कारखान्यात टाकीसाठी एक ऑपरेटर कायम करणार होते. दहा वर्षं काम केलेल्यांना दहावीची अट माफ, पण तीस मार्कांचा लेखी पेपर आणि वीस मार्कांची तोंडी. लेखीत वीस पडले तरच तोंडीला बोलावणार. अभ्यासक्रमात लिहिलं होतं: आम्ल, आम्लारी, उदासिनीकरण, रासायनिक समीकरणं संतुलित करणे.

“हे शेवटचं काय लिवलंय?” आत्यांनी त्यावर बोट ठेवलं. “नववीत ह्याच्यापायीच शाळा सोडली मी. मास्तर आकडं लिवायचा, मी इचारायचे ह्यो आकडा कुठनं आला, आन तो छडी मारायचा.”

धैर्यशील आतून हसत म्हणाला, “आई, आता ह्या वयात?”

“तू गप बस. तुझ्या दहावीला मी कधी हसले का? दोनदा बसलास तरी?”



पहिल्या दिवशी मी फारच वाईट शिकवलं. वही घेतली, अणू, रेणू, संयुजा, आयन असं सगळं कॉलेजातल्यासारखं सांगत सुटले. वीस मिनिटांनी बघते तर आत्या भिंतीला टेकून झोपलेल्या. बिचाऱ्या पहाटे पाचला उठणाऱ्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “पोरी, तू लई चांगली हायस, पर मला दिसत न्हाई गं काय ते. दिसायला पायजे.”

त्या वेळी मी परातीत मसूर निवडत होते. निवडता निवडता थांबले.

“आत्या, हा मसूर म्हणजे हायड्रोजन,” मी म्हणाले. “हा हरभरा ऑक्सिजन. शेंगदाणा सोडियम.” डबे काढले. “ही चवळी क्लोरीन. वाटाणा सल्फर. आता बघा.”

परातीच्या एका बाजूला मी एक मसूर आणि एक चवळी जोडीनं ठेवली. “हे हायड्रोक्लोरिक आम्ल.” शेजारी एक शेंगदाणा, एक हरभरा, एक मसूर. “हा कॉस्टिक सोडा. दोन्ही एकत्र केली की सगळे जोडीदार बदलतात. शेंगदाणा चवळीकडं जातो. उरले दोन मसूर आणि एक हरभरा. हे पाणी.”

“आन शेंगदाणा-चवळी?”

“मीठ.”

“कसलं मीठ?”

“आपलं. आमटीतलं.”

आत्यांनी डावा हात पुढं केला. मनगटावर कॉस्टिकनं भाजल्याचा जुना पांढरा डाग होता. “ह्यानं माझा हात जाळला. तेजाबानं तर लुगडी किती खाल्ली, गणतीच न्हाई. आन दोघं एकत्र आले की मीठ आन पाणी?” त्या परातीकडं बघत राहिल्या. मग एकदम खळखळून हसल्या. “चौदा वरसं मी हेच करत हुते व्हय गं!”

त्या संध्याकाळी त्या झोपल्या नाहीत. परातीत शेंगदाणे इकडून तिकडं सरकवत बसल्या. पुढचे दोन आठवडे आमच्या घरात कडधान्याची उसळ झाली नाही, कारण डबे सगळे अभ्यासाला लागलेले. आत्यांचा नियम सोपा होता. डाव्या बाजूला जेवढे दाणे, तेवढेच उजव्या बाजूला. एकही दाणा हवेत जाणार नाही, हवेतून येणार नाही.

एकदा मात्र आमचं जुंपलं. चुनकळीचं पाणी आणि हायड्रोक्लोरिकचं समीकरण करताना पाणी जुळेना, तेव्हा त्यांनी पाण्याच्या गटात एक जादा हरभरा टाकला. “झाले हरभरे सारखे.”

“असं नाही चालत, आत्या. दोन मसूर आणि दोन हरभरे म्हणजे पाणी नाही. जखमेवर फेसाळणारं औषध असतं ना, ते झालं.”

“एका हरभऱ्यानं?”

“एका हरभऱ्यानं. गटाच्या आत हात घालायचा नाही. हवा तर आख्खा गट आणखी एकदा मांडायचा. आकडा पुढं येतो, मध्ये नाही.”

त्यांनी तो जादा हरभरा उचलून डब्यात टाकला. “म्हंजे माणूस बदलायचं न्हाई, माणसं वाढवायची.”

“तसंच.”

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा आम्ही सल्फ्युरिकला हात घातला. आत्यांनी स्वतः मांडलं. आम्लाचे दोन मसूर, एक वाटाणा, चार हरभरे. शेजारी कॉस्टिकचा एक शेंगदाणा, एक हरभरा, एक मसूर. उजवीकडं जे तयार होतं ते: दोन शेंगदाणे, एक वाटाणा, चार हरभरे. आणि पाणी.

मोजलं. “हरभरे पाच-पाच. वाटाणा एक-एक. मसूर हिकडं तीन, तिकडं दोन. आन शेंगदाणा हिकडं एक, तिकडं दोन.” मग त्यांनी कॉस्टिकचा आणखी एक गट मांडला, पाण्याचा आणखी एक गट मांडला. पुन्हा मोजलं. सगळं सारखं आलं. मी टाळीच वाजवली.

पण आत्या हसल्या नाहीत. त्यांनी परातीत बोट दाखवलं. “म्हंजे आम्लाच्या एका गटाला कॉस्टिकचे दोन लागतात?”

“हो.”

“आमच्या बोर्डावर दोन न्हाई.”

टाकीच्या वर भिंतीवर रंगवलेला एक मोठा बोर्ड होता. दुसऱ्या दिवशी आत्या तो तसाच्या तसा उतरवून घेऊन आल्या, इंग्रजी अक्षरं चित्र काढल्यासारखी काढून:

H₂SO₄ + NaOH → Na₂SO₄ + H₂O

खाली तक्ता. आम्ल दहा किलो, कॉस्टिक चार किलो. आम्ल वीस, कॉस्टिक आठ. मी वही घेऊन हिशेब केला, दोनदा केला. कुणीतरी बिनसंतुलित समीकरणावरून तक्ता काढला होता. दहा किलोला आठ किलो लागायला हवं होतं. तक्ता बरोबर निम्म्यावर होता.

“आत्या, मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होता?”

“तक्त्यापरमाणं घालायचे. कागद लालच. मग इस्टोअरला जाऊन आणखी मागून आणायचे. हिरवा होईस्तवर घालायचे.”

“आणि तक्त्याप्रमाणं घालून पाणी सोडून दिलं असतं तर?”

“कागद लाल असताना?” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला प्रश्न विचारल्याचीच लाज वाटली. “खाली ओढ्यावर म्हशी पाणी पित्यात गं.”

मग त्या उठल्या आणि देवघराच्या फळीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. आत तीन कागद. ‘ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा अधिक कॉस्टिक वापरल्याबद्दल समज देण्यात येत आहे.’ तीन वर्षांत तीन मेमो. खाली सुपरवायझर किल्लेदारांची सही.

“किल्लेदार म्हनतो मी कॉस्टिक साबणवाल्याला इकते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तोंडावर न्हाई म्हनत. पर बायकांच्यात सांगतो. धैर्याला ठावं न्हाई हे. तू बी बोलू नको.” त्यांनी पुन्हा परातीकडं पाहिलं. “म्हंजे मी बरोबर हुते.”

“तुम्ही बरोबर होता, आत्या.”

एवढं म्हणून मी थांबायला हवं होतं. पण मी शहाणपणा केला. म्हणाले, “पण परीक्षेत हे लिहू नका. पेपर तपासणार तेच लोक. बोर्डावरचाच प्रश्न आला तर बोर्डावरचंच उत्तर लिहा. आधी पास व्हा. एकदा कायम झालात की मग सांगू.”

आत्यांनी परात पुढं ओढली. दाणे वेगळे करून एकेका डब्यात भरत राहिल्या.

आणि आता मी परात घेऊन कारखान्याच्या फाटकातून आत चालले होते.

केबिनमध्ये मॅनेजर बिराजदार साहेब टेबलामागं बसलेले. पन्नाशी उलटलेला, जाड चष्म्याचा माणूस. बाजूला किल्लेदार, हाताची घडी घालून. आणि समोरच्या खुर्चीत आत्या, ताठ. टेबलावर त्यांचा पेपर होता. चौथ्या प्रश्नावर लाल फुली. तीसपैकी सतरा.

“ही माझी सून,” आत्या म्हणाल्या. “हिनं मला शिकिवलं.”

मी नमस्कार करायला गेले, तर परात दाराच्या चौकटीवर आपटून ठाणकन वाजली. बाहेर मशीनवरचे दोघं-तिघं डोकावले.

“साहेब,” किल्लेदार म्हणाले, “ही परीक्षा आहे की भाजीमंडई? बोर्ड डोळ्यांसमोर आहे. वीस किलोला आठ. बाईंनी सोळा लिहिलंय. एवढी साधी गोष्ट नाही जमली, आता तमाशा.”

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते कुणास ठाऊक. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. “तू बोलू नको. परात ठेव हितं.”

मी परात साहेबांच्या टेबलावर, फायली बाजूला सारून, ठेवली. आत्यांनी पुड्या सोडल्या. मसूर, हरभरे, वाटाणे, शेंगदाणे. कुठला दाणा काय ते साहेबांना एकदा सांगितलं आणि बोर्डावरचं समीकरण मांडायला लागल्या. रोजच्या सवयीनं मांडत होत्या.

“आता मोजा, साहेब.”

बिराजदार साहेब कंटाळल्यासारखे पुढं झुकले. ओठ हलवत मोजलं. “ऑक्सिजन इकडे पाच, तिकडे पाच. बरोबर तर आहे, बाई.”

“हरभरे बरोबर हायत, साहेब. शेंगदाणे मोजा.”

साहेबांनी बोट ठेवलं. डावीकडं एक. उजवीकडं दोन. ते पुन्हा डावीकडं आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ह्यो दुसरा शेंगदाणा कुठनं आला?” आत्यांनी विचारलं.

साहेबांचं बोट त्या दाण्यावरच होतं.

“मी सांगते. ह्यो एक शेंगदाणा आठ वरसं मी इस्टोअरातनं मागून आणतीया. आन तुम्ही मला मेमो देताय.”

बाहेर डोकावणाऱ्यांची संख्या आता सात-आठ झाली होती. किल्लेदारांनी हात सोडले. साहेब परातीकडं बघत होते आणि मला दिसत होतं की ते मनातल्या मनात समीकरण लिहीत होते. मग त्यांनी खरंच पेन घेतलं, आत्यांच्याच पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं. कॉस्टिकच्या पुढं दोन. पाण्याच्या पुढं दोन.

“किल्लेदार,” ते हळूच म्हणाले, “तो बोर्ड कुणी लिहून दिला होता?”

किल्लेदार चपलांकडं बघू लागले.

“किल्लेदार?”

“साहेब… तुम्हीच. दुसऱ्या दिवशी तपासणी होती म्हणून घाईत… पेंटर थांबला होता…”

साहेबांचे कान लालभडक झाले. मला वाटलं, संपलं. एवढ्या लोकांसमोर मॅनेजरची चूक काढून कुणाला नोकरी मिळते? मी मनातल्या मनात कणकेकडं, घराकडं, सांगलीकडं पळून गेले.

साहेब उठले. “चला टाकीवर.”

टाकीजवळ सगळा कारखाना गोळा झाला. सकाळच्या तपासणीत टाकीत सुमारे दहा किलो आम्ल निघालं होतं. तक्त्याप्रमाणं आत्यांनी हातमोजे घालून चार किलो कॉस्टिक मोजलं, थोडं थोडं करत पाण्यात सोडलं, ढवळणी सुरू केली. आम्ही सगळे मशीनच्या घरघरीत उभे. मग आत्यांनी पट्टीची डबी साहेबांपुढं धरली. “तुम्हीच बुडवा.”

साहेबांनी बुडवली. लाल.

“आता बोर्डावर नसलेलं,” आत्या म्हणाल्या, आणि आणखी चार किलो घातलं. यावेळी ढवळणी थांबेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. लेथवरचा एकजण हात पुसायचं फडकं तोंडात धरून उभा होता.

साहेबांनी दुसरी पट्टी बुडवून वर काढली. पिवळी दिसली, मग कडेनं रंग चढत गेला आणि बघता बघता सगळी पट्टी हिरवीगार झाली.

“हिरवी!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि जो गलका झाला! बायकांनी टाळ्या पिटल्या. कुणी ‘सुगंधाक्का’ म्हणून हाक मारली, कुणी शिटी घातली. आणि बिराजदार साहेब, ओली पट्टी चिमटीत धरून, हसायला लागले. चष्मा घसरेपर्यंत हसले. “अहो बाई, मी रसायनशास्त्राचा पदवीधर! फक्त ऑक्सिजन मोजला, जुळला म्हणून पुढे गेलो. आठ वर्षं त्या बोर्डाखालून जातोय मी!”

मग त्यांनी हसू आवरलं. “माफ करा मला. किल्लेदार, बाईंचे तिन्ही मेमो आणा. फाडून टाकू.”

“फाडू नगा,” आत्या म्हणाल्या. “चूक कुणाची हुती ते त्यावरच लिवा. आन सही करा.”

साहेबांनी तिथंच, ड्रमवर कागद ठेवून, तीनदा लिहिलं आणि तीनदा सही केली. पेपरवर सतराचे पंचवीस झाले. “तोंडी परीक्षा आत्ता झाली,” ते म्हणाले. “वीसपैकी वीस.” किल्लेदार पुढं आले. खाली मान घालून म्हणाले, “सुगंधाबाई, मी बायकांत जे बोललो ते बोलायला नको होतं.” आत्यांनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, “मग बायकांतच जाऊन तसं सांगा.” आणि ते खरोखर गेले.

मी परात उचलायला वळले तेव्हा साहेबांनी विचारलं, “तुमचं शिक्षण काय?”

मी आत्यांकडं बघितलं.

“आता बोल,” त्या म्हणाल्या.

“बी.एस्सी. केमिस्ट्री. पहिला वर्ग.” आवाज माझाच होता, पण बऱ्याच दिवसांनी ऐकल्यासारखा वाटला.

“अनुमापन जमतं? ब्युरेट, पिपेट?”

“हो. फार आवडतं,” मी म्हणाले, आणि विचारलं नसताना एवढं सांगून गेल्याबद्दल जीभ चावली.

“आमची प्रयोगशाळा दिवाळीपासून रिकामी आहे. मीच वेळ मिळेल तसं तपासतो. मी तपासल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंतच. सोमवारी अर्ज घेऊन या.”

धैर्यशील दुकान उघडं टाकून आला होता, तो मला फाटकाशी सोडून केव्हाच परतला होता. आत्या आणि मी चालत निघालो, ओढ्याच्या कडेनं. परात आत्यांच्या काखेत. मग मला राहवेना.

“आत्या, मी तुम्हाला चुकीचं लिहायला सांगितलं होतं.”

“सांगितलंस की.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“न्हाई. तू माझ्या भल्यासाठीच सांगितलंस. मी बी पेपर हातात आला तवा तेच लिवणार हुते. आठ लिवला बी हुता.” त्यांनी परात सावरली. “पर ते परातीत येईना गं. एक शेंगदाणा दिसायला लागला सारखा. मग खोडलं.”

पुढं थोडं चालल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. “तुमच्या कँटीनमध्ये परात नव्हती?”

“तीन हायत.”

“आणि कडधान्यं?”

“आज अख्खा मसूरच हुता जेवायला.”

मी रस्त्यातच थांबले. आत्या चार पावलं पुढं गेल्या, मग वळल्या.

“मला परात नको हुती, शर्मे. तू पायजे हुतीस.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “तीन महिनं झालं तू घरात आलीस. हो आत्या, न्हाई आत्या, ह्याच्या म्होरं बोललीस कधी? पर परात म्होरं घेतली की वेगळीच व्हतीस. हात हलवतीस, डोळं मोठं करतीस. माझ्यावर वरडलीस बी एकदा, त्या हरभऱ्यावरनं. दिवाळीपासनं ती खोली बंद हाय, मला ठावं हुतं. सायबाला नुसतं सांगितलं असतं, माझी सून शिकलीया, तर म्हनला असता, बघू. आता त्यानं बघितलं.”

“पण तुम्ही तर मला बोलू नको म्हणालात!”

“तू बोलली असतीस तर सायबाला वाटलं असतं सुनेनं पढवून पाठवलीया. मला येतंय हे आधी त्याला कळाय पायजे हुतं. मगच कळणार ना, शिकवणारी केवढी हाय ते.”

मी तिथंच, ओढ्याच्या कडेला, रडायला लागले. आणि रडता रडता हसायलाही. आत्यांनी परात दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळ्या हातानं माझा दंड धरून मला चालायला लावलं.

घरी धैर्यशीलला सगळं सांगितलं. त्याला आनंद झाला, खरंच झाला. पण पाच मिनिटांनी त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला. “दोघीही कामावर, मग सकाळच्या भाकरी कोण करणार?”

“तू,” आत्या म्हणाल्या.

“मला कुठं येतात?”

“एकोणीस दिवसांत मी केमिष्ट्री शिकले. तुला भाकरीला किती लागतील?”

त्याला सव्वा महिना लागला. पहिल्या आठवड्यातल्या भाकरी आम्ही दोघींनी काही न बोलता खाल्ल्या.

आज या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. मी पुढं एम.एस्सी. केलं, बाहेरून, नोकरी करत. त्या कारखान्यात आधी प्रयोगशाळा सांभाळली, मग दुसरीकडं गेले, आता मुलांना शिकवते. आत्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. एकाहत्तर वय, तब्येत ठणठणीत. गल्लीतली दहावीची मुलं समीकरणं घेऊन माझ्याकडं येतात, आणि मला वेळ नसला तर थेट त्यांच्याकडं जातात.

पण माझ्या मनात राहिलाय तो कामाचा पहिला दिवस. पांढरा कोट मला गुडघ्याखाली येत होता. टाकीतल्या पाण्याचा नमुना घेतला, बंद खोली उघडली, धूळ पुसली. ब्युरेटची काचनळी धुऊन कॉस्टिकच्या पाण्यानं भरली, शंकूपात्रात नमुना घेतला, दोन थेंब दर्शक टाकला. थेंब थेंब सोडत गेले आणि एका थेंबाला सगळं फिकट गुलाबी झालं, म्हणजे आम्ल संपलं. माझे हात विसरले नव्हते. आकडा वहीत लिहिला, हिशेब केला. पण बाहेर टाकीजवळ गेले तेव्हा कारखान्याचा आवाज, एवढी माणसं, सगळ्यांच्या नजरा, यांनी गांगरून गेले. आत्या निळा गणवेश घालून व्हॉल्व्हपाशी उभ्या होत्या. खिशावर नवा बिल्ला: ऑपरेटर.

“आत्या,” मी म्हणाले.

“हितं आत्या न्हाई,” त्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या. “कामावर हाय मी.”

मी गोंधळले. मग सावरून, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, “ऑपरेटर, टाकीत आम्ल किती आहे?”

आत्या सावकाश वळल्या. वरपासून खालपर्यंत माझ्याकडं, त्या लांबलचक कोटाकडं पाहिलं, आणि सगळ्या पाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“ते तुम्ही सांगायचं, मॅडम. केमिस्ट तुम्ही हाय.”